एक जून पंचावन्न

पितळेचा तारा तळहातावर इतका हलका, की मूठ मिटली तर आहे की नाही कळू नये — आणि एवढ्याशासाठी तीनदा परीक्षा घेतली, तीनदा ज्ञानू नापास... अनसूयाबाईंनी तारा टेबलावर ठेवला. दुपारी चारला शाळेच्या कबपथकातली, म्हणजे धाकट्यांच्या पथकातली, अकरा वर्षं पुरी झालेली पोरं समारंभाने स्काउटात जायची होती, टोपीवर दोन-दोन तारे मिरवत. त्यांत एकटा ज्ञानू एका ताऱ्याचा. घड्याळ कळत नाही, उत्तर दिशा विचारली की भलतीकडे बोट, गाठ बांधायला दोरी दिली की हुंदके. "अकरा वर्षांचा घोडा," असं त्या भर पथकात म्हणाल्या होत्या, पोरं हसली तेव्हा स्वतःही थोड्या हसल्या होत्या, आणि ते हसू आठ दिवस मनातून जात नव्हतं. मिसरूड फुटलेल्या स्काउटांत हा कसला टिकतो.

म्हणून तर सकाळी त्याच्या आईला, भामाबाईला, बोलावलं होतं. शेंगा फोडायच्या कामावर जाता जाता ती आली, दारातच उभी राहिली. पोरगा मंद आहे, हे बाईंनी जमेल तितकं गोड करून सांगितलं. भामाबाई रागावली नाही. म्हणाली, "बाई, आमी दसऱ्याला नागपूरला दीक्षेला गेलो, तवा ह्यो पोटात हुता. सहावा म्हैना. अकराचा कसा आसंल?"

दीक्षा छप्पनची. म्हणजे पोर सत्तावनच्या जानेवारीतलं... आणि हा सहासष्टचा डिसेंबर. नऊ! बाईंनी पुन्हा बोटांवर मोजलं, पुन्हा नऊच. मग आठवलं, नको इतकं लख्ख — एकसष्टचा जून, नाव घालायला आलेल्यांची रांग, थोरल्या बहिणीच्या, मुक्ताच्या, कडेवर शेंबडा ज्ञानू, ह्येलाबी घ्या म्हणून काकुळतीला आलेली हीच भामाबाई, आणि सहा पुरी नसतील तर प्रवेश नाही हा नियम... दया आली म्हणून, की रांग संपवायची म्हणून, कोण जाणे, आपण एक जून पंचावन्न लिहून मोकळ्या झालो. निम्म्या वर्गाची जन्मतारीख एक जूनच असायची. मग पाच वर्षं आपणच लिहिलेलं आपणच खरं मानत आलो.

भामाबाई गेल्यावर त्यांना एकटीलाच हसू फुटलं. मंद नव्हताच तो. दीड वर्ष उगाच पुढे रेटलेलं लहान मूल होतं, बस्स... छाती कशी मोकळी झाली! लगेच शरमही वाटली, कारण सुटला तो आणि हरखलो आपण. रजिस्टरात खाडाखोड करायची तर मुख्याध्यापक गोपाळकृष्णरावांपुढे कबुली देणं आलं. ते पुरावा मागणार, आणि पुरावा म्हणजे एका आईचा सहावा महिना. पण आज त्याला वर पाठवायचं नाही, एवढं नक्की.

मधल्या सुट्टीत त्यांनी ज्ञानूला बोलावून सांगितलं, की तू नऊच वर्षांचा आहेस, अजून वर्षभर कबमध्येच राहायचं. तो चपलेच्या टोकाने जमीन उकरत राहिला.

"म्हंजी मी ढ न्हाई?"

"नाहीस रे. चूक माझी होती."

तो जागचा हलला नाही. बाईंना वाटलं, संपलं. मग त्याने मान वर केली.

"समद्यांम्होरं सांगशिला?"

"सांगेन," त्या म्हणाल्या. चार वाजायला अवकाश होता, गोपाळकृष्णरावांपुढे तोंड उघडायचं तसंच बाकी होतं... आणि भीती वाटायची सोडून त्यांना सडकून भूक लागली होती.