खुर्च्यांमधलं अंतर

मिस्त्रींच्या घरात खुर्च्या आठ आणि बसणारा माणूस एक. बरं, त्या भिंतीला लावून ठेवल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. पण एक पलंगापाशी, एक स्वयंपाकघराच्या दारात, दोन बोळात आणि चार बैठकीच्या खोलीत, ऐन वाटेवर. शेजारीण विचारायची, पाहुणे कधी येणार आहेत? मिस्त्री हसून वेळ मारून न्यायचे.

चाळीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात लाकडाचा भुसा नाकातोंडात गेला, त्याने छातीचं पार वाटोळं झालं होतं. डॉक्टरांनी कागदावर ‘श्वसनविकार’ एवढंच लिहिलं. मिस्त्रींना ते पटलं नाही, कारण त्यात माप नव्हतं. त्यांनी टेप काढली, न थांबता किती चालवतं ते मोजलं आणि तेवढ्या अंतरावर एकेक खुर्ची मांडली. पहिल्यांदा बारा फूट भरले. मग नऊ. आता साडेचार. अंतर घटलं की खुर्च्या जवळ सरकायच्या, आणि बायको गेल्यापासून ते बघायला घरात दुसरं कुणी नव्हतं. या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जायचं, धाप ओसरेपर्यंत बसायचं, यातच त्यांचा दिवस जायचा. कधी कधी एखाद्या खुर्चीत बसल्यावर आपण कशासाठी उठलो होतो तेच त्यांना आठवायचं नाही.

लेकीला त्यांनी यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. ती बसने तीन तासांवर राहायची. फोनवर धाप ऐकू आली की म्हणायचे, आत्ताच जिना चढून आलो. तिने एक वृद्धाश्रम हेरून ठेवला होता, आणि मिस्त्रींना या घरातून हलायचं नव्हतं. एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

रविवारी लेक न कळवता आली. खुर्च्यांमधून वाट काढत आत शिरली आणि वडिलांच्या तोंडाकडे बघतच राहिली. आई गेल्यापासून बाबांच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय, असं तिने मनाशी पक्कं केलं. मिस्त्रींची पंचाईत झाली. खरं सांगावं तर छाती गेली, गप्प बसावं तर डोकं गेलं. दोन्हीकडून बॅग भरायची पाळी. ते स्वयंपाकघरात जाऊन पाटावर चहा पीत बसले.

लेकीने बाह्या सरसावल्या आणि अर्ध्या तासात सगळ्या खुर्च्या भिंतीला ओळीने लावल्या. मग तिने हाक मारली, बघा तरी कसं दिसतंय.

मिस्त्री उठले. चार फुटांवर थांबून घड्याळात किती वाजले ते पाहिल्यासारखं केलं. पुढे दोन-तीन पावलांवर सदऱ्याचं बटण चाचपलं. खोलीच्या मध्यावर सोंग संपलं आणि त्यांनी फरशीवर बसकण मारली.

लेक धावत आली. त्यांची छाती भात्यासारखी चाललेली पाहिली, भिंतीकडच्या खुर्च्या पाहिल्या, आणि तिला सगळं उमगलं. ती तिथेच त्यांच्याजवळ बसून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “मी परत मांडते. पण खरं सांगा, न थांबता किती चालवतं? पाच फुटांच्या खाली असेल तर मी तुम्हाला एकटं ठेवणार नाही.”

“नऊ,” मिस्त्री म्हणाले.

आयुष्यात त्यांनी कुणाला खोटं माप दिलं नव्हतं. म्हणून तर तिने ते निमूट मानलं. टेप घेतली, प्रत्येक अंतर दोनदा मोजलं, आणि पलंगापासून बाहेरच्या दारापर्यंत नऊ-नऊ फुटांवर खुर्च्या ठेवल्या. पाव इंचाचाही फरक नाही. मोजायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांना तिचा अभिमान वाटला. उरलेल्या खुर्च्या तिने आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या.

संध्याकाळच्या बसची वेळ झाली. मिस्त्री शेवटच्या खुर्चीत बसले होते, तिथून दार नऊ फूट. आतून कडी लावून घ्या, म्हणत लेकीने दार ओढलं आणि आवाज ऐकूनच निघावं म्हणून बाहेर उभी राहिली.

मिस्त्री निघाले.

“बाबा, लावताय ना?”

उत्तर द्यायचं तर श्वास लागतो, आणि होता तेवढा त्यांना चालायला हवा होता. कडी वाजली नाही. तिने दार उघडलं.

मिस्त्री खोलीत मध्येच, गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. लेक रागावली नाही. तिने पिशवी खाली ठेवली, खुर्ची त्यांच्या मागे आणली आणि त्यांना धरून बसवलं.

“खरं किती?” तिने विचारलं.

बोलायला दम नव्हता. मिस्त्रींनी चार बोटं वर केली, आणि अंगठा अर्धा दुमडून धरला.