हॉस्पिटलच्या पत्त्यावर

छापखान्यात त्यांना सगळे रफार म्हणत. दुसऱ्याच्या डोक्यावर चढून बसल्याशिवाय ह्या माणसाला चैन पडत नाही, असं कंपोझिटर लोकांचं एकमत होतं. अडतीस वर्षं त्यांनी शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासली आणि निवृत्त झाल्यावर दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका आणि औषधांच्या बाटल्या तपासायला घेतल्या.

बायको मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती. तिनं एके दिवशी जाहीर केलं, "मला ह्या उन्हाळ्यात अशा ठिकाणी जायचंय, जिथं मला कुणी सिस्टर म्हणून हाक मारणार नाही." मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. तिनं परदेशातलं एक लहानसं गाव शोधलं, लाँड्रीच्या वरची एक खोली अठरा दिवसांसाठी ठरवली आणि तिकिटं पाठवली. रफार कुरकुरले, पण बॅगेत तांबडं पेन मात्र आठवणीनं टाकलं.

ते पेन बॅगेतच राहिलं. त्या गावातलं एक अक्षर त्यांना वाचता येईना. पोस्टासमोरच्या बाकावर बसलं की सात पाट्या दिसत, आणि सातही त्यांच्या दृष्टीनं निर्दोष होत्या. बायको सकाळीच टोपी घालून फिरायला जाई. घरमालकिणीशी तिची मैत्री झाली होती. दोघी आपापल्या भाषेत तासन्‌तास बोलत आणि एकमेकींना पटे. रफार पहिले चार दिवस दुपारचे गाढ झोपले. पाचव्या दिवशी पंचाईत झाली. डोळ्यांना काम नाही म्हटल्यावर डोकं सुरू झालं, आणि डोक्याकडे वाचायला मागचंच सगळं होतं.

सातव्या दिवशी बाकावर त्यांना मुलीची पत्रं आठवली. सतराव्या वर्षी ती हॉस्टेलवर गेली. पहिलं पत्र चार पानी आलं. त्यांनी ते मन लावून वाचलं, एकतीस चुका दुरुस्त केल्या आणि आपल्या उत्तराबरोबर परत पाठवलं. दुसरं पत्र दीड पानी होतं. त्यात नऊच चुका निघाल्या, त्याचा त्यांना आनंद झाला. तिसऱ्यात तीन ओळी होत्या आणि चूक एकही नव्हती. पुढे पत्र आलं नाही. पोरगी अभ्यासाला लागली, असं त्यांनी तेव्हा छापखान्यात सांगितलं होतं.

बायको फळांची पिशवी घेऊन आली आणि शेजारी टेकली.

"अगं," रफार म्हणाले, "मुलीनं पत्रं लिहिणं माझ्यामुळे बंद केलं की काय?"

तिनं एक फळ रुमालानं पुसलं. "पंचवीस वर्षांनी विचारताय?"

"वेळ आत्ता मिळाला."

"बंद कुठे केलं? मला लिहायची ती. हॉस्पिटलच्या पत्त्यावर. दर पंधरा दिवसांनी, चार वर्षं."

रफारांनी समोरच्या पाटीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "चुका असायच्या?"

"ढिगानं. वॉर्डातल्या बायकांना मी वाचून दाखवायचे. त्यांना एकही चूक ऐकू आली नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनं शपथ घातली होती. आणि खरं सांगू का, मलाही बरं वाटायचं. माझं एकटीचं काहीतरी होतं."

दोन दिवस रफार तिच्याशी कामापुरतं बोलले. जिथं तिसऱ्या कुणाशी बोलायची सोय नाही, तिथं अबोला धरणं फार जड जातं. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी ताटाकडे बघत विचारलं, "काय असायचं त्यात?"

पत्रं तिच्याजवळ नव्हती. हॉस्पिटलातलं तिचं कपाट एकदा छत गळून भिजलं, तेव्हा त्यांचा लगदा झाला होता. पण वॉर्डात इतक्यांदा वाचल्यामुळे तिला ती पाठ होती. त्या दिवसापासून ती रोज बाकावर बसून एक-दोन पत्रं सांगू लागली. हॉस्टेलच्या खोलीतल्या उंच मुलीला सगळ्या जिराफ म्हणत. रेक्टरबाईंची मांजर मुलीच्या ट्रंकेत, प्रॅक्टिकलच्या जर्नलवरच व्याली. मुलीनं तीन दिवसांत सगळं जर्नल पुन्हा लिहून काढलं आणि चार पिल्लांतलं एक वर्षभर खोलीत लपवून ठेवलं. रफार ऐकत. कधी हसू आलं तर खोकत.

"मग त्या पिल्लाचं काय झालं?"

"कुणास ठाऊक. त्यानंतर तिची परीक्षा संपली आणि ती घरी आली. मग पत्र कशाला लिहील?"

रविवारी मुलीचा फोन आला. एरवी रफार तिला प्रकृती विचारत आणि फोन बायकोकडे देत. त्या दिवशी त्यांनी फोन दिला नाही.

"ते मांजरीचं पिल्लू," ते म्हणाले, "ट्रंकेतलं. त्याचं पुढे काय झालं?"

पलीकडून उलट प्रश्न आला.

"आईनं सांगितलं?"

"हो. मी विचारलं म्हणून."

"राग आला?"

"आला होता. दोन दिवस."

"सांगते, बाबा. पण मधे बोलायचं नाही."

"नाही बोलत."

ती चाळीस मिनिटं बोलली. रफार मधे बोलले नाहीत. शेवटी त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही मांजराबद्दल होते. त्यावर ती हसली. फोन ठेवण्याआधी ती म्हणाली, "पुढच्या रविवारी जिराफच्या लग्नाचं सांगेन."

बायको तोवर वाळलेले कपडे घेऊन आत आली होती. "एवढा वेळ?" तिनं विचारलं. "काय झालं त्या पिल्लाचं?"

"अकरा वर्षं जगलं," रफार म्हणाले. "जिराफच्या घरी. बस, तुला पहिल्यापासून सांगतो."

तिनं कपडे कॉटवर टाकले आणि बसली.