एकाच घरातली दोन माणसं

"पोट आत घे," नवरा म्हणाला.

"घेतलंय."

"मग अजून घे."

पाठीवरची चेन अर्ध्यावर अडली होती. हॉलच्या मधोमध मी त्या काळ्या रबरी सुटात हात पसरून उभी होते आणि सासूबाई सोफ्यावर भाजी निवडत मजा बघत होत्या. सूट माझा नव्हता. लग्नानंतर हौसेनं पाण्याखाली पोहायला शिकले, तेव्हाचा माझा सूट केव्हाच विरून गेला होता. हा दातवालीचा होता. सकाळी तिनं तो पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवला, बेल वाजवली आणि साथीच्या नियमाप्रमाणे लांब, रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. नवऱ्यानं खिडकीतून तिला हात केला. इतका मोठा हात त्यानं मला शेवटचा कधी केला होता, ते मी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

दातवाली म्हणजे दातांची डॉक्टर, नवऱ्याची पाण्यातली सोबतीण. स्कूबात, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून पोहताना, एकट्यानं खाली जायचं नाही असा रिवाजच आहे, जोडी लागते. एकाची हवा संपली तर दुसऱ्यानं आपल्या टाकीतली द्यायची. माझ्या कानांना ते पाणी सोसेना म्हणून चार-सहा वेळा जाऊन मी नाद सोडला आणि माझ्या जागी ती आली. माझा नवरा लिफ्टचा मेकॅनिक. आठवडाभर घरी आल्यावर 'हूं' आणि 'वाढ' याच्या पलीकडे तोंड उघडत नाही. रविवारी संध्याकाळी मात्र गुणगुणत जिना चढायचा.

लफडं नव्हतं. ते मला पक्कं ठाऊक होतं आणि तेच जास्त झोंबत होतं. लफडं असतं तर भांडता आलं असतं, चार नातेवाईक गोळा करता आले असते, रुसून माहेरी जाता आलं असतं. दोन माणसं पाण्यात मासे बघतात, हे रडगाणं कुणाकडे गायचं?

मग साथ आली आणि सगळंच बंद झालं. मी हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहे. दिवसभर कानाला हेडफोन लावून, खाट नाही हो, खरंच नाही, असं लोकांना सांगायचं, आणि घरी येऊन आंघोळ करून कोपऱ्यात पडायचं. अशा दिवसांत असं म्हणू नये, पण रविवारी नवरा घरात बसलेला दिसला की मला आतून उकळ्या फुटायच्या. इतकी वर्षं मला जे जमलं नाही ते सरकारनं एका हुकमात करून दाखवलं होतं.

निर्बंध जरा सैल झाले तेव्हा बोटींना परवानगी मिळाली. अट एकच, जोडी एकाच घरातली हवी.

"तू चल ना," नवरा जेवताना म्हणाला. गेल्या कित्येक महिन्यांतलं हे त्याचं सर्वांत लांब वाक्य होतं.

"आत्ता कुणीच जाऊ नये," मी म्हटलं. "पाण्यातून भसकन वर आलं की रक्तात बुडबुडे होतात, मग त्या माणसाला ज्या दाबाच्या चेंबरमध्ये ठेवतात ना, तो बंद आहे आमच्याकडे. तिथली माणसं वॉर्डात लावलीत. मीच सांगते फोनवर सगळ्यांना."

"खोल कुठे जातोय आपण? त्या खडकापर्यंत आणि परत."

"मौजच आहे ना ती? औषध तर नाही. थांब की अजून."

"बरोबर बोलतेय ती," सासूबाई म्हणाल्या. "मासे काही पळून जात नाहीत."

नवऱ्यानं दोन घास खाल्ले. मग म्हणाला, "ती म्हणत होती, महिनाभर आपल्याकडे राहायला आली तर एकच घर धरतील. मागची खोली रिकामीच असते नाहीतरी."

गमतीनं म्हणाला असेल. पण म्हणताना तो खरोखर मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होता.

"येते मी," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं, पण त्यांनी मुलापुढे काही काढलं नाही, एवढे त्यांचे उपकार.

शनिवारी ड्यूटी संपताना मुख्य सिस्टर माझ्या टेबलापाशी थांबल्या. मास्कच्या पट्ट्यांनी त्यांच्या गालांवर लाल वळ उठले होते. "उद्या सुट्टी ना तुला? झोप काढ गं नुसती," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. लाज वाटली, खूप वाटली. पण मागची खोली डोळ्यांपुढे आली की लाज बिचारी मागे सरायची.

बोटवाल्यानं लांबूनच आमची ओळखपत्रं बघितली. "एकाच घरातले ना?"

"लग्नाचा फोटो आणू का?" मी विचारलं.

"नको वहिनी, पत्ता जुळला की झालं."

पाण्यात उतरण्याआधी जोडीदारानं जोडीदाराचं सामान तपासायचं असतं. नवऱ्यानं माझे पट्टे ओढून बघितले, टाकीचा कॉक बघितला, लिफ्ट तपासतो तसंच भराभर आणि नीट. मग पाठमोरा झाला. मीही त्याचं सगळं तपासलं, त्याच क्रमानं. "झालं," म्हटलं. पण तो डावा हात वर करून तसाच उभा राहिला.

"काय?"

"अं?" त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. "काही नाही. चल."

त्या वर केलेल्या हाताखाली दातवाली काहीतरी करत असणार. एखादी नळी सरळ करत असेल, नाहीतर पट्टा आत खोचत असेल. विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं. मी विचारलं नाही.

खाली पाणी स्वच्छ होतं. खरं सांगायचं तर मी मासे फारसे बघितलेच नाहीत, त्यालाच बघत होते. जिना चढताना गुडघ्यांवर हात ठेवून कण्हणारा माझा माणूस तिथे वजनच नसल्यासारखा तरंगत होता. वळत होता, उलटा होत होता, हातानं वाळूवरची एखादी शिंपली हळूच उचलून परत ठेवत होता. हा माणूस मला कधी मिळालाच नाही. मला घरात कण्हणारा मिळाला आणि हा तिला, दर रविवारी. माझा इतका जळफळाट झाला की श्वास जोरात चालू झाला आणि तोंडासमोर नुसते बुडबुडे.

तेवढ्यात तो माझ्याकडे वळला. एका कपारीकडे बोट केलं आणि मग स्वतःचा कान चिमटीत धरून हलवला.

शिकताना घोकून घेतलेली एक खूण मला पक्की आठवत होती. कानाकडे हात म्हणजे कानाला त्रास. चेंबर बंद आहे, चेंबर बंद आहे, असं मला माझ्याच फोनवरच्या आवाजात ऐकू यायला लागलं. मी त्याचा दंड धरला आणि अंगठा वर केला, वर चल. त्यानं मान हलवली, नाही नाही. मी पुन्हा अंगठा वर केला. तो कपारीकडेच बोट करत होता. मी त्याला सोडलं नाही. घाई करायची नाही एवढं भान राहिलं, म्हणून हळूहळू, पण त्याला धरून वर आणलंच.

"काय झालं? त्रास होतोय तुला?" त्यानं तोंडातली नळी काढून विचारलं.

"मला नाही, तुला! तुझा कान!"

"माझा कान?" तो बघतच राहिला आणि मग हसला. "अगं, ऑक्टोपस होता तिथे! जो आधी बघेल त्यानं कान धरून दाखवायचा, मग हरलेल्यानं आपला धरायचा. सवयीनं केलं मी."

"मला कधी सांगितलंस हे?"

"तुला कशाला सांगू? ते आमचं आहे."

त्यात खोडसाळपणा नव्हता. ही छत्री आमची आहे, असं कुणी म्हणावं तितक्या साधेपणानं तो म्हणाला. मला काय झालं ते त्याला दिसलंही नाही, कारण माझ्या डोळ्यांवर काच होती.

बोटीत चढल्यावर त्यानं विचारलं, "परत जायचं का खाली?"

"नको."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. पिशवीतून फोन काढून त्यानं टॉवेलनं पुसला आणि ठेवून दिला. थोड्या वेळानं पुन्हा काढला आणि पुन्हा ठेवला. त्याला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते जिला सांगायचं ती मी नव्हते.

"कर तिला फोन," मी म्हटलं.

"राहू दे. नंतर करीन."

"कर रे. ऑक्टोपस दिसला म्हणून सांग."

मी टोमणा मारतेय की काय, हे त्यानं माझ्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं. मग उठला आणि बोटीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

वाऱ्यामुळे त्याचं बोलणं माझ्यापर्यंत येत नव्हतं. पाठ दिसत होती आणि हसताना हलणारे खांदे दिसत होते. "धर, धर कान!" एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं, आणि बोलता बोलता त्यानं स्वतःचाही कान चिमटीत धरला. तिनंही तिकडे धरला असणार, आपल्या घरात एकटीनं उभं राहून.

"वहिनी, थंडी वाजतेय का?" बोटवाल्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं आणि केस पिळायला घेतले.