वरवंट्याची भीती

असोद्याच्या पटांगणात त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. भयहारी सुपडूनाथ महाराज लेकरांच्या पोटातली भीती बाहेर काढत होते, तीही डोळ्यांना दिसेल अशी. पडद्यामागच्या बादलीत बुडवून महाराजांनी दिलेला ओला पांढरा रुमाल पोराच्या पोटाला बांधायचा. दुसऱ्या दिवशी त्यावर काळे डाग उमटले की समजायचं, भीती निघाली. डाग उमटला नाही असं एकही लेकरू अजून सापडलं नव्हतं. याचा संशय यायचा सोडून लोकांची भक्तीच वाढत होती.

सुलक्षणा चौथ्यांदा आली होती. तिची नऊ वर्षांची हर्षाली शाळेची वेळ झाली की पोट धरून बसायची. महाराजांनी सात गुरुवार सांगितले होते, आणि तोवर शाळा बंद. दुसरा रुमाल काळा झाला तेव्हा हर्षाली त्याच्याकडे बघतच राहिली.

"मम्मी, मना पोटमा इतलं काळं शे?" म्हणाली, आणि तिने जेवणच टाकलं.

सुलक्षणाला लाज वाटली. चारचौघांत पोरीची एवढी भीती दिसायला नको, म्हणून तिने गुपचूप रुमाल धुवायला घेतला. साबण झिजला, डाग हलेना. शेजारीच नवऱ्याचं, नवलचं बनियन पडलं होतं, केळीचे घड कापताना घालायचं. त्यावरही तोच डाग, तसाच हट्टी. लग्नापासून बारा वर्षं ती हाच डाग घासत आली होती! तिला स्वतःचाच राग आला. तिसरा रुमाल तिने पोरीला बांधलाच नाही.

आज महाराजांनी तो उलगडून उंच धरला. "पाहा, केवढं हे भय! लेकरू झोपेत दचकतं ना?"

"नई महाराज. जठे ठेवो तठे पडेल राहस."

"शाळेचं नाव काढलं की रडतं?"

"एक शब्द बोलत नई."

"हीच ती मुकी भीती! फार वाईट. आणखी सात गुरुवार!"

सुलक्षणाने पिशवीतून वरवंटा काढून महाराजांपुढे ठेवला. "मंग याले आनू का सात गुरुवार? रुमाल याले बांधेल व्हता."

गर्दीत हशा पिकला. तेवढ्यात तिने पडद्यामागची बादली पुढे ओढली. आत केळीच्या खांबाचे ताजे तुकडे आणि त्यांचा चीक. ताजा असताना तो पाण्यासारखा दिसतो, वारा लागला की काळा पडतो.

"हाऊ चीक शे. तुमना बठ्ठासना बनियानवर हाऊच डाग शे!"

पुढच्या रांगेत केळीच्या बागेतून तसेच आलेल्या छगनभाऊंनी खाली मान घालून स्वतःचा सदरा पाहिला. चिकाचे कपडे वेगळे ठेवणाऱ्या गावाने तोच डाग चार गुरुवार पुजला होता. महाराज कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून निघून गेले.

घरी आल्यावर सुलक्षणाने पोरीला जवळ घेतलं. "तुना पोटमा काहीच काळं नई. मंग तुले कसानं भ्याव वाटस?"

"बाई वाचाले उभं करतस ना, तवय मना आवाज थरथरस. बठ्ठा वर्ग हसस."

इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, आईनेसुद्धा नाही. सुलक्षणाला रडू आलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली आणि बाईंशी बोलली. आता हर्षाली मैत्रिणीसोबत बाकावर बसूनच दोन ओळी वाचते. पोट अजून कधीकधी दुखतं, पण ती तसं सांगते.

लेकराची भीती रुमालावर उमटत नसते. ती लेकरालाच विचारावी लागते. विचारा, ऐका, हसू नका. तेवढ्याने भागलं नाही तर मनाच्या डॉक्टरांकडे न्या. आणि रुमाल बांधायची हौसच असेल तर वरवंट्याला बांधा. त्याची शाळा बुडत नाही.