तात्यांचा लाल बोल्ट

सर्जेराव नलवड्यांना निकेल चढायला लागलं त्याला चौथा महिना लागला होता आणि अजून त्यांचं समाधान होत नव्हतं. ते वसाहतीचे अध्यक्ष. रोज सकाळी अकराला हौसाक्का तांबटच्या प्लेटिंगच्या कारखान्यात येत, कपडे खुंटीला अडकवत आणि हिरव्या कोमट पाण्याच्या टाकीत मधल्या पितळी दांडीखाली मांडी घालून बसत. दांडीचा आकडा मनगटात अडकवला की ते वर्तमानपत्र उघडत. वसाहतीत आता वर्तमानपत्र तेवढं एकच येई.

हौसाक्काला याचं नवल वाटलं नव्हतं. सायकलच्या रिमा, समया, स्कूटरचे आरसे, सगळं तिनं या टाकीतून काढलं होतं. तेलकटपणा नीट घासून काढला तर माणूसही निकेल धरतो. सर्जेरावांचा तेलकटपणा निघायला आठवडा लागला, एवढाच काय तो फरक.

बाकी काम वीज करते. मंडळाच्या तारेतून येणारी वीज घटकेत पुढं, घटकेत मागं. कुठं जायचंय हेच तिचं ठरलेलं नसतं. कोपऱ्यातली राखाडी पेटी, म्हणजे रेक्टिफायर, तिची डीसी करते आणि डीसीला एकच दिशा ठाऊक असते. टॉर्चमध्ये ती उजेड पाडते, मोटारीचा भोंगा वाजवते. टाकीत ती ओझं वाहते. प्लसला टांगलेलं झिजतं आणि मायनसला टांगलेलं वाढतं. सर्जेराव अर्थातच मायनसला बसत.

पेटीला दोन बोल्ट होते. त्यांच्यावरच्या खुणा आम्लाच्या वाफेनं कधीच खाऊन टाकल्या होत्या, म्हणून हौसाक्काच्या वडिलांनी, तात्यांनी, त्यांना नवा रंग दिला होता. जगात लाल म्हणजे प्लस आणि काळा म्हणजे मायनस. पण तात्यांना लाल आणि काळा सारखेच दिसायचे, आणि त्यांनी डबे उलटे उचलले. चूक कळली तोवर रंग वाळला होता. तात्या म्हणाले, "रंग ऱ्हाऊ दे तसाच. आपुन ध्यानात ठेवायचं." तेव्हापासून या कारखान्यात लाल म्हणजे मायनस. तात्या गेले, पण हौसाक्कानं त्यावर कधी ब्रश लावला नाही. बापाची एवढी एकच चूक तिच्या वाट्याला आली होती आणि ती तिनं जपली होती.

पहिल्या महिन्यात प्लसच्या, म्हणजे कडेच्या दोन्ही दांड्यांवरच्या निकेलच्या पट्ट्या संपल्या. मग वसाहतीचे चिटणीस गुरव नोटिसा घेऊन दारोदार फिरले आणि लोकांच्या नळाच्या तोट्या गोळा झाल्या. मग शाळेची घंटा आली. ती सहा दिवस प्लसला लोंबकळली आणि सातव्या दिवशी तिथं नुसता दोर राहिला. त्यानंतर नोटीस निघाली, की प्रत्येक घरातून एका माणसानं एक तास बसायचं.

प्लसला जे टांगतात ते सुती पिशवीत घालून टांगतात, म्हणजे गाळ पाण्यात उतरत नाही. लोक घरून पिशव्या शिवून आणू लागले. फाटकावरचा पहारेकरी धोंडीराम पहिला बसला. बाहेर निघाला तो इतका पातळ, की वाऱ्यानं उडून बाभळीला अडकला. आता त्याला फाटकाच्या तारेला कपड्याच्या चिमट्यांनी लावून ठेवला होता. साहेबांची गाडी आली की तो अजूनही सलाम ठोकायचा.

तांबटांच्या घरातून पाळी हौसाक्काचीच होती. तिची धाकटी बहीण मालन, वसाहतीचं कँटीन चालवणारी, पिशवी खांद्यावर टाकून आली.

"अक्का, तू हितं गुतलीस तर टाकी कोण बघणार? तुझ्या जागी मला बसू दे."

"तासभरच ना?" हौसाक्कानं सर्जेरावांना विचारलं.

"तासभरच," सर्जेराव म्हणाले.

हौसाक्कानं स्वतःच्या हातानं पेटीचं बटण फिरवलं. तास झाला तेव्हा सर्जेराव उठले नाहीत. दोन तास झाले, तीन झाले. हौसाक्का बटणाकडे गेली की ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणत, "मध्येच बंद केलं की डाग पडतात." गोष्ट खरी होती. तिनंच त्यांना पहिल्या दिवशी सांगितली होती. चौथ्या तासाला पिशवी उघडली तेव्हा आतून निघालेली मालन मलमलीच्या कापडाएवढी पातळ होती. तिला बोलायचं असलं की नुसती सळसळ व्हायची. पूर्वी ती रोज दुपारी कँटीनमधून ओरडायची, "अक्का, माझी रास वाच की गं." मालनला वाचता येत नव्हतं. आता हौसाक्कानं घरी जाऊन तिला पाटावर ठेवलं, उडू नये म्हणून कडेला तांब्या ठेवला आणि तिच्या शेजारी बसून मोठ्यानं रडली. आपल्याच हातानं बटण फिरवलं, ही गोष्ट तिला गिळता येईना.

दुसऱ्या दिवशी सर्जेराव टाकीत उतरले तेव्हा त्यांच्या डाव्या गालावर खळी होती. मालनची खळी. निकेलवर ती फार सुरेख दिसत होती.

हौसाक्कानं दोन्ही वायरी बोल्टमधून काढल्या, स्टुलावर ठेवल्या आणि त्यांच्यावर बसली.

"काय झालं?" सर्जेरावांनी विचारलं.

"टाकी बंद."

"अध्यक्ष चमकला तर वसाहतच चमकते, हौसाक्का."

"त्यो गाल माझ्या बहिणीचा हाय, साहेब. पयला त्यो काढून ठेवा, मग बोला."

सर्जेरावांनी गालावरून हात फिरवला. घासल्यासारखा आवाज आला. "आता माझ्यावर चढलंय ते माझंच," ते म्हणाले. "गुरव, बघा जरा."

गुरवांनी बघितलं. हौसाक्का तीन दिवस स्टुलावरून उठली नाही. तिथंच जेवली, तिथंच टेकून झोपली. पहिल्या दिवशी कारखान्याची भिंत दोन पावलं आत आली, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. तिसऱ्या दिवशी सकाळी टाकी, पेटी, स्टूल आणि हौसाक्का एवढंच मावेल इतकी जागा उरली. गुरव दारातूनच बोलले.

"तालुक्याहून वायरमन बोलावलाय. टाकी तो चालवील. तुम्हाला आता टाकीवर काम नाही, तेव्हा तुमची पाळी तुम्ही स्वतः बसायची."

हौसाक्कानं बराच वेळ पेटीकडं बघितलं. तात्यांचा लाल रंग अजून तकतकीत होता.

"बसती की," ती म्हणाली. "माझी पिशवी घरनं घिऊन येती."

घरी तिनं पाटावरची मालन उचलली. लुगड्याची घालतात तशा तिच्या सात घड्या घातल्या आणि ती कमरेला खोचली. घडीतून सळसळ झाली. "गप बस," हौसाक्का म्हणाली, "आन भिऊ नगंस." भीती तिला स्वतःलाच वाटत होती.

ती परतली तेव्हा सर्जेराव पाण्यात बसून वर्तमानपत्र वाचत होते आणि वायरमन पेटीपुढं उकिडवा बसला होता. तिनं पिशवीत पाय घातले, पिशवी काखेपर्यंत ओढून घेतली आणि कडेच्या दांडीला आकडा लावून पाण्यात उतरली. समोर हातभर अंतरावर सर्जेरावांच्या वर्तमानपत्राचं मागचं पान होतं. त्या पानावर राशिभविष्य असतं, पण नेमकी तूळ रास त्यांच्या डाव्या हाताच्या चार बोटांखाली झाकली जायची. मालनची रास तूळ.

"ताई, लाल प्लसच न्हवं?" वायरमननं विचारलं.

"तालुक्याला काय असतंय?"

"लाल प्लस."

"मग हितं काय येगळं असणार?"

वायरमननं डोकं खाजवलं. "मीटर लावून बघावं म्हंतो. खुणा दिसंनात. गाडीत हाय मीटर, आणतो."

हौसाक्कानं पाण्याखाली मुठी आवळल्या. गाडी फाटकापाशी होती. जायला पाच मिनिटं, यायला पाच.

"साहेब पाण्यात बसलेत," गुरव दारातून म्हणाले. "आणि तुम्हाला रंग दिसत नाही का? लहान पोराला कळतं ते."

"वेळ घालवू नका," सर्जेराव पानाआडून म्हणाले.

वायरमननं लाल बोल्टची वायर कडेच्या दांड्यांना जोडली, काळ्याची मधल्या दांडीला. मग बटण फिरवलं. पेटी घुमायला लागली आणि काटा हलला.

पहिली पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. हौसाक्का श्वास मोजत राहिली. मग तिच्या डाव्या गुडघ्यात बारीक टोल पडला. शाळेची घंटा. अकरा वाजून गेले होते, म्हणजे मधली सुट्टी. कोपर जड झालं आणि त्यात कुणाच्या तरी अंगणातला नळ ठिबकला. त्यानंतर कमरेची घडी फुगायला लागली. सातातली एक उलगडली, मग दुसरी.

"आज पाणी जास्त गरम आहे का?" सर्जेरावांनी विचारलं.

"न्हाई. रोजचंच हाय."

"मला कसं हलकं वाटतंय."

"चांगलं हाय की."

"गुरव, तास झाला का?" त्यांनी आवाज दिला. आवाज दारापर्यंत गेला नाही. गुरव वायरमनला चहा प्यायला घेऊन गेले होते. सर्जेरावांनी उठायला हात टेकला. पाणी हललं नाही.

"उठू नगासा," हौसाक्का म्हणाली. "मध्येच उठलं की डाग पडत्यात."

भिंत दोन पावलं मागं सरकली. बाहेर फाटकाच्या तारेवर चिमटे कडकड वाजत होते, पण ते कोणी बघत नव्हतं. सर्जेरावांच्या डाव्या हाताची चार बोटं पानावर तशीच होती, फक्त चकाकत नव्हती. हौसाक्का त्या बोटांकडं टक लावून बघत राहिली. बोटांखालची जागा आधी पिवळट झाली, मग करडी. मग करंगळीतून एक काना दिसला. मग वेलांटी. मग तर्जनीच्या आत, नखाच्या जरा खाली, काळ्या ठळक अक्षरांत तूळ हा शब्द दिसला आणि त्याच्यापुढची ओळ एकेक अक्षर करत वर यायला लागली.

तिच्या कमरेला कुणीतरी चिमटा काढला.

"अक्का," मालन म्हणाली, "मोठ्यानं वाच."