अकरा घागरी

मागच्या वर्षी मे महिन्यात आदिलाबादेत आमच्या गल्लीला नळ पाचव्या दिवशी यायचा, तोही अर्धा तास. विहाराच्या आवारातल्या बोअरला मात्र पाणी होतं. ज्याने त्याने हवं तसं उपसलं असतं तर ते पंधरा दिवसांत संपलं असतं. म्हणून विहारात मिटिंग झाली आणि मोटरच्या खोलीला कुलूप लावायचं ठरलं. चावी कोणाकडे, यावर वाद झाला नाही. माझ्याकडे. उटनूरच्या सरकारी ऑफिसात मी एकतीस वर्षं कारकून होतो आणि कोणाचा फुकटचा चहाही घेतला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं.

नियम मीच केले. पत्र्याच्या बोर्डावर ऑइल पेंटने मीच लिहिले. बोअर सकाळी सहा ते सात. घराला दोन घागरी. पाणी उसनं मागू नये, देऊ नये. शेवटच्या नियमाला लोक हसले, पण त्याआधीच्या उन्हाळ्यात उसन्या घागरीवरून दोन घरांत मारामारी होऊन प्रकरण पोलिसांत गेलं होतं. नियम लागल्यावर भांडण झालं नाही आणि बोअर जूनपर्यंत टिकला. हे मी आधीच सांगून ठेवतो.

माझी बायको देवकाबाई त्याच महिन्यात तापाने पडली. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, ताप चढला की अंग ओल्या फडक्याने पुसत राहा, उन्हाचे दिवस आहेत, हयगय करू नका. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला तिचं अंग तव्यासारखं तापलं. घरात तांब्याभर पाणी उरलं होतं.

“एक घागर आना ना बोअरची,” ती म्हणाली.

“सकाळी सहाला उघडते.”

“चावी तं तुमच्याच खिशात आहे.”

“म्हनूनच. माह्या घरासाठी उघडलं तं उद्या समदे दारात उभे राहतीन.”

तिने कूस बदलली. मग म्हणाली, “माही माय तलमडुगूले पाटलाच्या विहिरीपाशी उभी राहे. कोनी वरून वतलं तं पानी, नाई तं रिकामी घागर घेऊन वापस. ती म्हने, पोरीचे दिवस बदलतीन.” ती थोडी हसली. “बदलले. आता घरातच पाटील आहे.”

मला राग आला. “ताप डोक्यात चढला तुह्या,” मी म्हणालो.

तेवढ्या तांब्यात मी तेच ते फडकं बुडवत राहिलो. शेवटी पाणीही कोमट झालं. चार वाजता ती बरळायला लागली. ऑटो आणून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. डॉक्टरने विचारलं, “अंग पुसत होते ना?” मी हो म्हणालो. पाणी भरपूर असतं तर ती वाचली असती की नाही, हे मी विचारलं नाही. अजूनही कोणाला विचारलेलं नाही.

घरी आणल्यावर तिला आंघोळ घालायची होती. आमच्या गल्लीतला संघपाल मास्तर माझ्यापुढे हात करून उभा राहिला.

“काका, चावी.”

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी चावी दिली. कोणी घड्याळ पाहिलं नाही, बोर्ड वाचला नाही. बायका घागरी आणत होत्या आणि ओतत होत्या. मी ओट्यावर बसून मोजत होतो. मोजायचं नव्हतं, पण सवय होती. अकरा घागरी झाल्या. पाणी मोरीतून रस्त्यावर गेलं आणि त्यात एक कुत्रं येऊन पसरलं. तिने एकच मागितली होती.

या वर्षी एप्रिलमध्येच नळ पाचव्या दिवसावर गेला. पुन्हा विहारात मिटिंग झाली. संघपाल उभा राहून बोलला.

“चावी काकाकडेच राहू द्या. घरची बाई तापानं फनफनत होती, पन या मानसानं वेळेच्या आधी कुलूप उघडलं नाई. पान्याची बचत याले म्हनते. शाळेत मी पोराइले हेच सांगतो.”

दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

“तुले कसं मालूम?” मी विचारलं.

“सुनयनावहिनीनं सांगतलं. तुमची भिंत एकच आहे ना.”

सुनयना बायकांमध्ये मागे बसली होती. तिने मान खाली घातली.

“ऐकू आलं तवा तुह्या घरी पानी होतं?” मी तिला विचारलं.

“एक घागर होती, काका. उचलून तुमच्या दारापर्यंत आनलीबी होती.”

“मंग?”

“मंग तुमचा बोर्ड आठवला. म्हटलं, तुमीच मले म्हनसान, नियम काऊन मोडला.”

मी तसं म्हणालोच असतो. तिला परत पाठवलं असतं.

मी चावी सतरंजीवर ठेवली. “मले नोको,” मी म्हणालो. “आन मास्तर, शाळेत ते सांगनं बंद कर. ती बचत नोती. मले लोकाइची भीती होती. उसन्याचा नियम काढा. ज्याच्या घरी आजारी मानूस आहे, त्याले कवाबी उघडून द्या.”

“काका, असं लेहलं तं उद्या साऱ्या गल्लीले ताप येईन,” संघपाल म्हणाला.

सगळे हसले. मीही त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. नियम होते तसेच राहिले. चावी संघपालने उचलली. शाळेत ती गोष्ट सांगणार नाही, असं काही तो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला मी रांगेत उभा राहिलो. माझ्या दोन घागरी घेतल्या. एक घरात ठेवली, दुसरी सुनयनाच्या दारात. ती बाहेर आली.

“हे काऊन, काका?”

“तवा तू आनली होती ना. ते.”

ती घागर आत घेऊन गेली. मला दिवसभर बरं वाटलं, खोटं काऊन सांगू.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती भरलेली घागर घेऊन माझ्या दारात आली. काठोकाठ भरली होती, पदर ओला झाला होता.

“घ्या, काका. उसनं ठेवत नाई मी. नियम आहे.”

टोमणा नव्हता तो. मनाने चांगली आहे ती. नियम पाळणारी आहे.

ती गेल्यावर मी घागर उचलली आणि मोरीत उपडी केली. पाणी मागच्या वर्षीच्याच वाटेने रस्त्यावर गेलं. संघपाल विहाराकडून येत होता. तो थांबला.

“काका, पानी वाया चाललं ना.”

“एकच घागर आहे,” मी म्हणालो.