बिनतिखटाची मरळ

"हात खरखरीत लागला पाह्यजे वं! असा बुळबुळीत लागून राह्यला, तं धुतली काय अन् नाई धुतली काय!"

आत्याबाईंनी माझ्या हातातला मरळीचा तुकडा ओढून घेतला, त्यावर मूठभर राख टाकली आणि असा घासला, की मीच अंग चोरून घेतलं.

मी वरोऱ्याची. जातीने ढिवर, म्हणजे मासे धरणारे, पण वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आमच्या घरी मासा यायचा तो बाजारातून कापून, पिशवीत. लग्न होऊन वैनगंगेकाठच्या या गावात आले तेव्हा, मला मासा करता येतो, असं मी ऐटीत सांगून टाकलं होतं. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूने, धुरपताबाईंनी, पहिल्याच दिवशी ती ऐट उतरवली.

पण शिकवलं मात्र जीव लावून. मरळीचं मांस पांढरं, काटा कमी, चव अगदी साधी. तिला मसाल्यात बुडवली की ती कामातून गेली. हळद, मीठ, लिंबू चोळून जरा वेळ ठेवायची. मग तांदळाचं पीठ लावून तव्यावर टाका, नाही तर पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवा. किंवा तेलात ठेचलेला लसूण, बेताचं पाणी, वरून सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि झाकण. आत चमचा घालायचा नाही. गंज, म्हणजे पातेलं, दोन्ही हातांनी धरून हलवायचा, नाही तर मासा फुटतो.

हा शेवटचा प्रकार मामाजींचा, माझ्या सासऱ्यांचा. त्यांना पोटाचं दुखणं, डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं. म्हणून मासा आला की आमच्यासाठी लालभडक रस्सा आणि शेजारी लहान गंजात त्यांचे बिनतिखटाचे तुकडे. त्या गंजातला थेंब आत्याबाई तळहातावर घ्यायच्या, चाखायच्या, मिठाचा अंदाज घ्यायच्या.

"मीठ कमी झालं तं ताट सरकवून देतेत तुये सासरे," म्हणायच्या.

आणि ताट वाढून मागच्या दारात ठेवायच्या, नदीकडे तोंड करून. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझी बोबडी वळली. कारण मामाजींना मी कधी पाहिलेलंच नाही. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी लटारू ढिवर पुरात जाळं काढायला गेले. त्यांचा डोंगा, म्हणजे लहान होडी, खाली कुठे तरी झुडपात उलटा सापडला. माणूस सापडला नाही.

माणूस सापडला नाही म्हणून आत्याबाईंचं कुंकू तसंच, हिरव्या बांगड्याही तशाच. ताट कधी मांजर खायची, कधी मुंग्या लागायच्या. मी घरात एकटी असले की त्या दाराकडे पाठ करून बसत नसे. तिथे ओल्या जाळ्याचा वास यायचा. नदीकाठचं घर आहे, वास येणारच, असं स्वतःला समजवायची. पण आमच्या घरातली सगळी जाळी मामाजींच्या मागे विकून टाकली होती.

पितरांच्या स्वयंपाकाची गोष्ट वेगळी. लग्नानंतरच्या पहिल्या पितराला मी सवयीने कढी चाखली, तर आत्याबाईंनी हातावर फटकाच मारला. "मेलेल्यायच्या आधी तू जेवतं काय? पितराचं कोणी चाखत नाई! मीठ पडो का न पडो!"

यंदा पितर जवळ आले तसे मामाजींचे मोठे भाऊ, भैयाजी, घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "धुरपता, यंदा पितरात लटारूचं पान टाकू."

"जित्या माणसाचं पान टाकतेत काय, भाऊजी?"

"किती दिवस असं करशीन?"

"तुमी पाह्यलं काय त्यायले मेलेलं? कोणी पाह्यलं?" त्यांनी बांगड्यांवर असा हात ठेवला, जणू कोणी आत्ताच हिसकावून नेणार आहे. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

माझा नवरा सुनिल भिंतीला टेकून बसला होता. आईपुढे तो कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी मान खाली घालून म्हणाला, "आई, बाबा माया सपनात येऊन राह्यले."

आत्याबाई वळल्या. "कवापासून?"

"लय दिवस झाले. मागच्या दारात उभे राह्यतेत. ओलेचिंब. अंदर येत नाई."

"काही बोलतेत?"

मीच त्याला कोपराने ढोसलं.

"भूक लागली म्हणतेत."

आत्याबाई एकदम ओरडल्या, "काऊन? भूक काऊन लागन? मी दर खेपी वाढते ना! ह्या हातानं वाढते!"

"ते जित्या माणसाचं ताट हाय, धुरपता," भैयाजी हळूच म्हणाले. "त्याच्यापाशी पोचत नसन ते."

त्या उठून मागच्या दारात गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मी चूल पेटवली, भात शिजला, तरी उभ्याच. शेवटी तिथूनच म्हणाल्या, "सुनिल, पितराच्या दिवशी मरळ आणजो. ताजी आणजो."

त्या दिवशी त्यांनी मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. राखेने घासणं, धुणं, हळद-लिंबू चोळणं, लसूण ठेचणं, सगळं त्यांचंच. मी उंबऱ्यावर बसून पळसाची पत्रावळ टाचत होते. झाकण काढलं तशी लसणाची वाफ उठली. आत्याबाईंनी सवयीने थेंब तळहातावर घेतला. हात तोंडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

चाखा, असं मला म्हणावंसं वाटत होतं. चाखू नका, असंही.

त्यांनी तळहात चुलीतल्या राखेवर झटकला, लुगड्याला पुसला आणि गंज उतरवला.

मग मोरीवर गेल्या. बांगड्या फुटल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा कपाळ धुतलेलं होतं. भैयाजींनी पत्रावळीवर भात आणि मरळ वाढली, मागच्या दारातून नदीवर नेली, पाण्यात सोडली. सुनिल ढसाढसा रडला. आत्याबाई रडल्या नाहीत.

सगळ्यांचं आटोपल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. लहान गंजात दोन तुकडे उरले होते. ते त्यांनी आपल्या ताटात घेतले. इतक्या वर्षांत मामाजींच्या वाटणीचं त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. एक घास तोंडात घातला आणि त्या थांबल्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"मीठच नाई वं." माझ्याकडे बघत राहिल्या. "मी मीठच नाई टाकलं."

मिठाची वाटी मी त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी ती माझ्याकडे परत सरकवली. मग खाली मान घालून, एकेक घास नीट चावत, त्यांनी ते दोन्ही तुकडे तसेच अळणी खाल्ले.